मुलुंडसाठी ठेवलेली जुनी सेटिंग

सर, आज तुमची ती जुनी सेटिंग मी काढून टाकली. अंधेरीच्या त्याच ऑफिसात, त्याच सर्व्हरवरून आपण अजूनही लॅबचे रिपोर्ट हॉस्पिटलांना पाठवतो. मुलुंडच्या एका छोट्या नर्सिंग होमचा कॉम्प्युटर इतका जुना होता, की त्याला नवं एन्क्रिप्शन, म्हणजे रिपोर्टला लावायचं नवं कुलूप, झेपायचं नाही. म्हणून तुम्ही जुनं, कच्चं एन्क्रिप्शनही चालू ठेवलं होतंत. मी नवीन होते, चुरुचुरु बोलायचे. "सर, हे कोणीही फोडेल," असं तोंडावर म्हटलं. तुम्ही भाकरीवर जवळ्याची चटणी घेत होतात, वर न बघता म्हणालात, "माहितेय गं. पण बंद केलं तर तिथल्या पेशंटची वाट लागेल. बाकावर बसलाय तो रिपोर्टसाठी. त्यांनी मशीन बदललं की काढू." मला राग आला होता, आणि तुमचं बरोबर आहे हेही कळत होतं.

मग तुम्हीच गेलात. शनिवारी हसत घरी गेलेला माणूस सोमवारी नाही. त्यानंतर त्या सेटिंगला कोणी हात लावला नाही. नवीन आलेलं कोणी विचारायचं, आणि आम्ही म्हणायचो, "सरांनी ठेवलंय, राहू दे ना." देव्हाऱ्यातल्या टाकासारखं जपलं आम्ही ते. त्या फटीतून कोणाच्याही आजाराचे कागद बाहेर गेले असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्या प्रेमापोटी आम्ही लोकांचे रिपोर्ट उघड्यावर ठेवले, सर.

यंदा ऑडिटवाल्यांनी लाल शेरा मारला. बंद करण्याआधी मी मुलुंडला फोन लावला, तुम्ही लावला असतात तसा. तिथल्या जुन्या मेट्रनबाई बोलल्या. "ते मशीन? कधीच भंगारात गेलं गं. नवीन घेतलं तेव्हा तुमच्या सरांना कळवायला फोन केला होता, तर कळलं ते वारले. मग काय बोलणार? ठेवला फोन."

दुपारी तुमच्या सेटिंगची ती ओळ पुसली, सर्व्हर पुन्हा चालू केला. सगळीकडचे रिपोर्ट नीट पोचले. आताचे साहेब म्हणाले, "झकास! बघ, कोणाचं काही अडलं नाही." घाटकोपरला घरी आले, तरी फोन हातातच धरून बसलेय. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. कुठून तरी एक तक्रार यावी, असं मला फार वाटत होतं.