कडेची माणसं

अप्पा, काल आडुतुरैहून परतताना बसमध्ये माझ्या शेजारच्या बाईने दोन बोटांनी एका म्हाताऱ्याला पडद्याबाहेर ढकललं. तिच्या फोनवर जुना रुंद सिनेमा चालला होता आणि चित्राच्या वरखाली काळ्या पट्ट्या होत्या. त्या तिला खुपल्या असणार. तिने बोटं फाकवली, चित्र फुगून फोनभर झालं, आणि डाव्या कडेला उभा राहून बोलणारा म्हातारा नाहीसा झाला. आवाज तेवढा येत राहिला. बाईचं काही अडलं नाही. मी मात्र खिडकीबाहेर तोंड करून बसले, आणि गोविंदपुरमचा थांबा आला तेव्हा तिथेही बघवेना म्हणून डोळे मिटले. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. इतक्या वर्षांत कुणापाशी बोलले नाही ते आज तुम्हाला लिहायला बसलेय. पुस्तकी मराठीत लिहितेय, रागावू नका. पुण्याला शिकत होते तेव्हा आपलं तमिळ मुलखातलं मराठी बोलणं ऐकून मुली हसायच्या, म्हणून लिहिण्यापुरती त्यांची मराठी उचलली, ती तशीच राहिली.

तुम्ही थिएटरात ऑपरेटर होतात आणि आई गेल्यावर मला घरी एकटीला कुठे ठेवायचं, म्हणून शाळा सुटली की सोबत न्यायचात. रुंद सिनेमा रिळावर चेपून बसवलेला असतो, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं. साध्या लेन्समधून बघितलं तर माणसं शेवग्याच्या शेंगांसारखी लांबडी दिसायची. तुम्ही स्कोपची लेन्स चढवलीत की ती अंगाने भरायची आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचे काळे पडदे सरकवून त्यांना जागा करून द्यावी लागायची. तुमच्या केबिनच्या भोकातून पडदा पुरता दिसत नसे. म्हणून खेळाआधी तुम्ही चित्र टाकायचात आणि मी खाली, पहिल्या रांगेच्या पुढे उभी. वरून तुमची हाक यायची, "कड दिसतें की?" मी डावी कड बघायची, उजवी बघायची, मग हात वर करायची. एकदा मुरुक्कू खाण्याच्या नादात मी न बघताच हात वर केला. उजवीकडचा पडदा अडकून हातभर आत राहिला होता. खेळ सुरू झाला, लोकांनी तक्रार केली नाही, कुणाच्या लक्षातही आलं नसेल. तुम्हाला पहिल्याच रिळात शंका आली. तुम्ही खेळ थांबवलात, दिवे लावलेत, शिट्ट्यांच्या कल्लोळात खाली उतरून सगळ्या थिएटरातून चालत गेलात आणि पडदा हाताने ओढलात. घरी आल्यावर आवाज न चढवता म्हणालात, "दिसत नाहीं तें दिसतें म्हणून सांगूं नको. मज तिथून अर्धेंच दिसतें. तुझ्या डोळ्यांवर मी चालवतों." त्या दिवशी मी जेवले नाही. पुन्हा तसा हात कधी वर केला नाही.

पुढे थिएटर बंद पडून तिथे लग्नाचा हॉल झाला. तुम्ही हळहळला असाल तर मला दाखवलं नाहीत. तुम्ही गोविंदपुरमच्या विठ्ठलाच्या देवळातलं शनिवारचं भजन धरलंत. झांजा पिशवीत घालून पिशवी हँडलला अडकवायची आणि सायकलवर टांग टाकायची, पंचाहत्तरी उलटल्यावरसुद्धा. त्याच रस्त्याने मी आडुतुरैच्या शाळेत शिकवायला रोज जाते-येते. बसवाले एकमेकांना कसे मागे टाकतात, समोरून लॉरी येत असताना कसे घुसतात, ते मी रोज पुढच्या सीटवरून बघते. सोडा ती सायकल, बसने जा, म्हणून दोन वर्षं तुमच्या पाया पडत होते. तुम्ही म्हणायचात, "कडेनेंच जातों गे." एकदा मी हवा भरायचा पंप लपवून ठेवला, तर तुम्ही सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या दुकानात नेलीत. शनिवारी तुमची घंटी दारात वाजेपर्यंत माझा जीव टांगणीला. तुम्हाला काही बोललं की हसायचात, त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

मग ती संध्याकाळ. मी तव्यावर डाळींचे अडै घालत होते आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, तांदळाच्या डब्याला माझा फोन टेकवून, एक जुना तमिळ सिनेमा बघत होतात. आपल्या थिएटरात तो अकरा आठवडे चालला होता आणि तुम्हाला त्याची चौकट न् चौकट पाठ होती. माणसं मुंग्यांएवढी दिसतात म्हणून तुम्ही कुरकुरलात. मी पिठाच्या हाताने दोन बोटं टेकवून चित्र फोनभर केलं. तुम्ही खूश झालात. "आतां बरें," म्हणालात. थोड्या वेळाने तो प्रसंग आला: मोठ्या घराचा सोपा, पार डावीकडे खांबाला टेकलेला थोरला भाऊ, पार उजवीकडे दिवा घेऊन उभी असलेली बहीण, मध्ये रिकामा झोपाळा. दोघं वाटणीवरून भांडतात आणि एक पाऊल पुढे टाकत नाहीत. तुमच्यासमोर झोपाळाच तेवढा हलत होता. दोन आवाज भांडत होते आणि माणूस कुणी नव्हतं. तुम्ही फोन जवळ घेतलात, लांब धरलात, मान या बाजूला केलीत, त्या बाजूला केलीत.

"खांबाकडे तो अण्णा असेल, कोठें गेला गे? कड कापली की काय?"

मी वळून बघितलं. मला तत्क्षणी कळलं, माझ्याच बोटांनी कापली होती. पण तवा तापला होता, दिवसभर पोरांशी बोलून घसा बसला होता, आणि आता कड कापण्यावरून तुमचं ऐकून घ्यावं लागणार, चित्र पुन्हा लहान करावं लागणार, पुन्हा मुंग्या. मी म्हणाले, "नाहीं अप्पा. अवघें दिसतें."

"ती पोरगी? दिवा घेऊन?"

"अहे की. ती काय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. दुसरं कुणी असतं तर तुम्ही वाद घातला असतात, फोन हिसकावून घेतला असतात. कडेच्या बाबतीत माझ्या शब्दावर तुम्ही कधीच शंका घेतली नव्हती. तुम्ही फोन पालथा ठेवलात आणि जेवायला बसलात. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल मागच्या पडवीत नेऊन भिंतीला लावलीत आणि मला म्हणालात, "मज कडेचें दिसत नाहीं. चाळीस वर्षें कडच पाहिली, तीच झिजली पहिली." आणि हसलात.

तेव्हा सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी तोंड उघडलंही होतं, पण नजर गेली पडवीतल्या सायकलकडे. दोन वर्षांच्या विनवण्यांनी जे झालं नाही ते एका खोट्याने झालं होतं. मला आयतं फावलं, अप्पा, आणि मी मूग गिळून बसले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ, असं एकदाच म्हणाले, तेही तुम्ही नको म्हणाल अशा बेताने. तुम्ही नको म्हणालात. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण डॉक्टरने खरं सांगितलं असतं.

त्यानंतर तुम्ही बदललात. घरात चालताना दोन्ही हात थोडे बाजूला धरायला लागलात, दाराची चौकट चाचपून बाहेर पडायला लागलात. ताटाच्या कडेची चटणी तुम्हाला दिसायची, तरी मला विचारायचात, "चटणी अहे की?" एकदा तुम्ही ओट्यावर बसला होतात आणि उजवीकडून, अगदी कडेने, शेजारचं वासरू आलं. तुम्ही न वळता पाय आवरून घेतलेत. तुम्हाला ते दिसलं होतं. मी दारात उभी होते, वाटलं आता तुमच्याच ध्यानात येणार. नाही आलं. जे दिसतं त्याहून माझ्या शब्दावर तुमचा विश्वास जास्त होता. तुमचे भजनातले मृदंगवाले मित्र दोनदा घरी आले. म्हणाले, "अम्मा, बसनें नेतों मी, हात धरून." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, नको, बसमध्ये कुणाच्या तरी पायावर पाय पडेल, देवळात लोकांना धक्के लागतील, लाज वाटते. हात धरून चालायची तुम्हाला लाज वाटेल हे मला आधी सुचलंच नव्हतं. मला फक्त सायकल सोडवायची होती, आणि तिच्याबरोबर विठ्ठलही सुटला. मित्र गेल्यावर तुम्ही झांजांची पिशवी माझ्याकडे दिलीत, वर ठेव म्हणालात. मी ती ठेवली. तेव्हाही बोलले नाही. रोज एक दिवस उशीर होत गेला आणि उशीर झाल्याची लाज मूळ खोट्याहून मोठी होऊन बसली.

आठ महिन्यांनी तुम्ही झोपेतच गेलात. तेराव्याला मृदंगवाले आले होते. म्हणाले, तुम्ही त्यांना सांगायचात, माझे डोळे गेले पण लेकीचे आहेत, काळजी नाही. त्यांना वाटलं मी दुःखाने रडतेय. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला कळतं. वाचणारा नाही म्हणून तर एवढं धिटाईने लिहिता आलं. क्षमा मागावी म्हणून बसले होते, पण मागता येत नाही, कारण एक गोष्ट खरी आहे ती लिहिली नाही तर हेही खोटंच ठरेल. त्या आठ महिन्यांत शनिवारी तुम्ही घरात असायचात, मी वह्या तपासत असायचे, आणि मला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं. आता तो रस्ता रुंद झालाय आणि बस आणखी जोरात जातात. उद्या तुम्ही झांजा घेऊन माझ्यासमोर उभे राहिलात आणि विचारलंत, कड कापली होती का गे, तर मी खरं सांगेन असं मला अजूनही वाटत नाही.