कोऱ्या फिल्मचं बक्षीस

७ नोव्हेंबर १९६६
बोईसरच्या हॉस्पिटलात रुजू झालो. हुद्दा : इंडस्ट्रियल हायजिनिस्ट. काम करणारा माणूस त्याच्या कामामुळेच आजारी पडू नये, हे पाहणारा. मुंबईच्या गिरण्यांत कापसाची धूळ मोजून झाली. आता तारापूरकडच्या बांधकामावरचे मजूर छातीचा फोटो काढायला इथे रांगा लावतात, म्हणून ट्रस्टने हे पद काढलं. या जिल्ह्यात असा मी पहिलाच असेन. ट्रस्टला माणूस ओळखता येतो.

सफाईवाला धर्माजी लगेच येऊन विचारतो, हायजिनवाले ते तुमीच ना? मग बायकांच्या वॉर्डातला संडास तुंबलाय, तो कदी बघता? त्याला हायजिन या शब्दाचा ग्रीक उगम समजावून दिला. शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, ते समदं खरं साहेब, पन पानी भाईर आलंय.

संकल्प : पहिला महिना फक्त पाहायचं. भाषण नाही.

९ नोव्हेंबर
भाषण झालं. नाइलाज होता. विषय, कामाच्या खोलीतली खेळती हवा. रोमन लोकांच्या शिशाच्या खाणींपासून सुरुवात केली. इंग्लंडातल्या धुरांड्यांपर्यंत पोचलो, तेवढ्यात एक नर्स चक्कर येऊन पडली. खोलीत हवा खेळत नाही हे माझं म्हणणं सर्वांसमक्ष सिद्ध झालं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या मीच लावायला सांगितल्या होत्या, पण तो मुद्दा वेगळा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

१५ नोव्हेंबर
एक्स-रे खोली पाहिली. मशीन शांताराम चालवतो. शिरगावचा, मिश्कील माणूस. मदतीला सोमी नावाची आया. डोंगरपट्टीतली, नवरा बांधकामावर, राहायला सालवडला. लहान पोरं फोटोच्या वेळी हलतात, त्यांच्या आया घाबरून मागे सरतात, म्हणून पोराला धरून सोमी उभी राहते. तिच्या हातात पोर गप्प होतं. असं दिवसभर.

म्हणजे किरण पोरावर एकदा, सोमीवर दिवसभर. किरण अडवायला शिशाचा एप्रन लागतो. तो एकच आहे आणि शांतारामकडे आहे. आज त्याने तो दाराला टेकवून ठेवला होता. विचारलं तर म्हणे, नवापूरच्या किनाऱ्याकडून वारा येतो साहेब, दार आपटतं.

डॉक्टर विजयाबाई म्हणाल्या, सोमीसाठी दुसरा एप्रन मागवा. ट्रस्टला दोन ओळी लिहा, मी सही करते.

दोन ओळी! हा विषय दोन ओळींचा आहे का? किरणांच्या शोधापासून मांडणी करावी लागेल. उद्या लिहितो.

२४ नोव्हेंबर
एप्रनच्या मागणीची प्रस्तावना झाली. उत्तम उतरली आहे. एप्रन अजून आला नाही. म्हणजे मजकुरात अजून आला नाही.

घरी बायकोला, सुलूला वाचून दाखवली. ऐकता ऐकता ती चूल फुंकत होती. मधेच डोळे पुसले. मला वाटलं, भिडलं. म्हणाली, धूर आहे. घरातला धूर कधी मोजणार? तिला सांगितलं, घर माझ्या हुद्द्यात येत नाही.

१ डिसेंबर
मोठा दिवस. बिल्ले आले. छातीवर लावायचा छोटा बिल्ला, आत फोटोची फिल्म. किरण पडले की फिल्म काळी होते. महिन्याने मुंबईला पाठवायची. किती काळी झाली त्यावरून त्या माणसाला किती किरण लागले ते कळतं.

नुसतं वाटप करून भागणार नव्हतं. माणसाला ध्येय लागतं. म्हणून बोललो. शत्रू दिसत नाही, त्याला वास नाही, आवाज नाही, म्हणून तो नाही असं समजू नका! शेवटी घोषणा केली : ज्याची फिल्म सर्वांत कोरी, त्याला सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली स्टीलचा डबा. ज्याची काळी, तो बेफिकीर. तो त्या खोलीत राहणार नाही.

टाळ्या. एक्स-रेच्या रांगेतले मजूरही वाजवत होते. सोमीने बिल्ला दोन्ही हातांत धरून पाहिला.

विजयाबाई जिन्यात म्हणाल्या, चुरी, तो बिल्ला मोजतो फक्त, वाचवत नाही. एप्रनचं काय झालं? म्हणालो, बाई, आधी मनं बदलली पाहिजेत. म्हणाल्या, किरणांना मनं कळत नाहीत. बाई हुशार आहेत, पण व्यापक दृष्टी नाही.

९ जानेवारी १९६७
मुंबईहून पहिला निकाल आला. सगळ्यांच्या फिल्म कोऱ्या! सर्वांत कोरी सोमीची!

केवळ शब्दांच्या बळावर एवढा बदल! खोली तीच, मशीन तेच, एप्रन एकच. बदललं काय? माणूस.

विजयाबाईंनी कागद दोनदा उलटसुलट पाहिला. म्हणाल्या, दिवसभर पोरं धरते आणि फिल्म कोरी? मशीन चालू तरी होतं ना? मोठ्या कामाला प्रथम शंकाच वाट्याला येते.

शांतारामचं अभिनंदन केलं. तो म्हणाला, साहेब, तुमचा शब्द आमी खाली पडू देनार नाय. आणि हसला. त्याचं हसणं मला आवडत नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदन. नंतर माझं भाषण. रस्त्यावर निवडणुकीची जीप कर्णा लावून उभी होती, तिच्यावर मात केली. एका म्हातारीने पुढे येऊन विचारलं, भाऊ, तुमची निशानी कोनती? थोडं बरं वाटलं.

सोमीला डबा दिला. तिने डोक्यावरचा पदर सावरून तो घेतला, डब्यात स्वतःचा चेहरा पाहिला, लाजली. चार शब्द बोल म्हणालो. म्हणाली, मी काय बोलू, तुमीच बोला. बोललो.

संकल्प : एप्रनची मागणी या आठवड्यात पुरी करायची. मसुदा सध्या जर्मनीत, किरणांच्या शोधापाशी आहे.

१४ फेब्रुवारी
दुसरा निकालही कोरा. सोमी अंगाने भरली आहे, चेहऱ्यावर तेज आलं आहे. कामाची जागा निर्दोष झाली की प्रकृतीवर परिणाम दिसतोच. मुंबईच्या परिषदेत वाचायच्या निबंधात हे घेता येईल.

२३ फेब्रुवारी, दुपार
सोमी माझ्या खोलीच्या दाराशी आली. म्हणाली, साहेब, जरा बोलायचं हाय. मला थोडं दिस वॉर्डात काम देता का?

मला धक्का बसला. बक्षीस मिळवलेली बाई आघाडी सोडून निघाली! तिला बसवलं आणि समजावलं. तिच्यासारख्या बाईकडे सगळं हॉस्पिटल पाहतं. पोरांना तिच्याच हाताची सवय. आज ती गेली तर उद्या कोण उभं राहील? मधे ती दोनदा म्हणाली, तसं नाय साहेब, मला... पण माझी लय लागली होती. शेवटी मान खाली घालून बरं म्हणाली आणि गेली.

पटलं. माणसाशी मनापासून बोललं की पटतं.

ती काय सांगणार होती ते राहिलं. उद्या विचारतो.

११ मार्च
विचारायचं राहून गेलं. उद्या मुंबईचे पाहुणे येणार. आपल्या फिल्म तेच तपासतात. एवढ्या गर्दीच्या खोलीतल्या फिल्म इतक्या कोऱ्या कशा, ते प्रत्यक्ष बघायचं आहे म्हणाले. अखेर कोणीतरी दखल घेतली. भाषण तयार. सुलूने शर्टाला इस्त्री केली.

१२ मार्च, सकाळी
पाहुणे दहाच्या गाडीने. सुरुवात रोमन लोकांपासून करायची की थेट सोमीपासून? सोमीपासून.

१२ मार्च, संध्याकाळ
जसं झालं तसं लिहितो.

एक्स-रेच्या दारापाशीच मी सुरुवात केली. पाहुणे माझ्याकडे पाहत नव्हते, माझ्या खांद्यावरून मागे पाहत होते. वाटलं, विचारात गढले आहेत. आवाज चढवला. शेवटी ते बोट दाखवून म्हणाले, ते काय आहे?

वळून पाहिलं. दाराबाहेरच्या भिंतीवर खिळ्यांची ओळ. पेशंट फोटोला आत जाताना गळ्यातलं काढून तिथे अडकवतात. माळा, डोरली, आणि त्यांच्या शेजारी आमचे बिल्ले. प्रत्येकाला जुन्या लुगड्याची चिमुकली पिशवी शिवलेली.

दार उघडलं. सोमी पोर घेऊन बाहेर आली. अंगावर एप्रन नाही, बिल्ला नाही. पाहुण्यांनी तिला विचारलं, बाई, बिल्ला आत का नाही नेत? तिने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. म्हणाली, आत नेला तर काळा व्हतो ना. पिशव्या मीच शिवल्या, उजेडबी लागू नाय म्हनून. साहेबांचं नाव राहिलं पायजे.

शांताराम हसला नाही.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पाहुणे हळूच म्हणाले, थांबा जरा. मग सोमीकडे बघून म्हणाले, हिला कितवा महिना?

पाचवा, सोमीच म्हणाली.

मी रोज पाहत होतो. तेज म्हणत होतो.

१३ मार्च
शांतारामला जाब विचारला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहेब, काळी झाली तर खोलीतून काडनार, हे तुमीच बोल्लात ना? तिचा नवरा पाय मोडून घरी पडलाय. ती कशी काळी होऊ देईल? मग दिस ऱ्हायले, तवा तुमाला सांगायला मी तिला पाठवली व्हती. तुमीच बोलत बसलात.

माझ्या भाषणाचा विपर्यास झाला, असं लिहायला बसलो होतो. खोडलं. विपर्यास झाला नाही. प्रत्येक शब्द पाळला गेला.

१४ मार्च
विजयाबाईंनी सोमीला तपासलं. पोर पोटात हलतं आहे म्हणाल्या. बाकी? बाकी कसं सांगू, म्हणाल्या. किती किरण लागले ते कोणाला माहीत? तुमची फिल्म कोरी आहे.

आवाज चढवून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मला वाद घालता आला असता.

एप्रनची मागणी लिहिली. सोमीसाठी शिशाचा दुसरा एप्रन हवा, तातडीने पाठवावा. बाईंनी उभ्या उभ्या सही केली. जर्मनीपर्यंत आलेला मसुदा सुलूला चुलीत घालायला दिला. तिने आधी विचारलं, खरंच? मग घातला. धूर झाला. खिडकी उघडली.

१८ मार्च
सोमीला चादरींच्या खोलीत काम दिलं, पगार तोच. तिला ती शिक्षाच वाटते. दुपारी आली आणि स्टीलचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. घासूनपुसून लख्ख. म्हणाली, नंबर खोटा निघाला ना साहेब, मग ह्यो ठेवला तर बरं नाय.

म्हणालो, सोमी, चूक तुझी नाही. ती थोडा वेळ थांबली. माझं बोलणं एवढ्यात संपत नाही याची तिला सवय. मग म्हणाली, जाऊ?

२२ मार्च
डबा परत द्यायला चादरींच्या खोलीपर्यंत गेलो. ती खाली बसून चादरींच्या घड्या घालत होती. उठताना एक हात पोटाखाली, एक जमिनीवर. दारातूनच परत फिरलो. डबा शांतारामच्या हाती पाठवला. त्याने परत आणला. ती घेत नाही म्हणाला.

३१ मार्च
दुसरा एप्रन आला. आता पोरांना नवी आया तानी धरते. तिला एप्रन मीच बांधला, बिल्ला त्याच्या आत लावला. तिने विचारलं, काळा झाला तर?

होऊ दे, म्हणालो.

आणखी काही सांगेन म्हणून ती थांबली होती. शांतारामनेही मशीन चालू केलं नव्हतं, सवयीने. मग त्याने मला बाहेर जायला सांगितलं. फोटो काढायचा होता.

डबा माझ्या टेबलावर आहे. झाकणात चेहरा दिसतो, म्हणून उलटा ठेवला आहे.