मागच्या दारावरचा निंब

रविवार, ११ फेब्रुवारी १९६८

प्रिय भाऊराव,

शाळेला सुट्टी आहे आणि मी सातवीच्या वर्गात पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलोय. हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली, कारण तिन्हींत मी पहिल्या ओळीपासूनच भला माणूस होऊन बसलो होतो. बाहेर व्हरांड्यात बारा पोरंपोरी जुन्या वर्तमानपत्रांवर खळ फासताहेत. दर दोन मिनिटांनी कोणीतरी खिडकीतून डोकावतं आणि विचारतं, ‘झालं का काका?’ नाही झालं. पाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज टपालाची गाडी चारला सुटते म्हणून जीव टांगणीला लागलाय, हे वाचून तू हसशील. हस. तुला इकडे बोलवायचं आहे, एवढंच काम आहे. पण का, ते सांगायला सुरुवातीपासून लिहावं लागेल, आणि तिथंच हात अडतो.

आधी गावची खबर देतो. वामनराव गुरुजी जूनमध्ये निवृत्त होताहेत. दमा वाढलाय, पण जाता जाता त्यांनी आपलं ‘नवमहाराष्ट्र युवक मंडळ’ पुन्हा उभं केलं. मला म्हणाले, इंद्रभान, तू जुना अध्यक्ष, पोरांवर लक्ष ठेव. नाही म्हणायला तोंड कुठं होतं? तोच पृथ्वीचा गोल आहे, दक्षिण ध्रुवाशी चेपलेला. त्याच गोलावर हात ठेवून गुरुजींनी परवा पोरांना सांगितलं की जगातल्या सगळ्या देशांनी मिळून देवीचा रोग पृथ्वीवरून काढून टाकायचं ठरवलंय, आणि आपल्या गल्लीतला एक दंड न टोचता कोरा राहिला तर जगाचं काम अडतं. त्रेसष्ट साली आपण मॅट्रिकला होतो तेव्हा हेच वाक्य ऐकून आपल्या अंगावर काटा आला होता. तू गोलावर आपलं गाव शोधत होतास आणि मी तुला म्हणालो होतो, बे, हिंदुस्थान तरी सापडला का ते पाह्य आधी.

तेव्हाचा गुरुजींचा नियम तुला पाठ असेल. बाही वर करून दंडावरचा वण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टोचलेल्यांच्या यादीत खूण करायची नाही. आणि दुसरा नियम असा की कोणीही स्वतःची गल्ली तपासायची नाही, कारण आपल्या माणसांना आपण सोडून देतो. मी अध्यक्ष, तू चिटणीस. चिठ्ठ्या टाकल्या आणि आमची पाटील गल्ली तुझ्या वाट्याला आली. तेव्हा मी उभा राहून भाषण ठोकलं. म्हणालो, लोक आपल्या माणसाचं ऐकतात, परक्याला दारातून परत पाठवतात, म्हणून ज्यानं त्यानं आपापली गल्ली घ्यावी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनाही पटलं, किंवा पटल्यासारखं दाखवलं. भाऊराव, त्या भाषणातला एक शब्दही खरा नव्हता. माझी माय तुला ओसरीच्या पुढं येऊ देणार नाही आणि ते बारा पोरांच्या देखत होईल, एवढीच मला भीती होती. तुझा अपमान टाळतोय अशी मी स्वतःची समजूत घातली. टाळत होतो तो माझा.

तू तुमच्या वस्तीतली एकतीसच्या एकतीस घरं दंड पाहून केलीस. तुमच्या लोकांनी दीक्षा घेतल्यावर मरीआईचे तांदळे, ते शेंदूर फासलेले दगड, ओढ्यात सोडले होते, त्यामुळे सुई नको म्हणणारं तिथं कोणी उरलं नव्हतं. मी माझी गल्ली एका सकाळी उरकली. कुंभाराच्या बनाबाईनं दाराआडूनच सांगितलं की इंग्रजाच्या काळात टोचून घेतलंय बापू, मी खूण केली. आणि आमच्या घरासाठी मी उठलोसुद्धा नाही. ओसरीवर चहा पीत बसल्या बसल्या सहा खुणा केल्या. सहावी खूण दादाच्या पोराची, दोन वर्षांच्या पंजाबची. त्याचा दंड मी पाहिला नव्हता. मायनं टोचणारा देवी डॉक्टर आला त्या दिवशी त्याला कणगीमागं लपवून ठेवलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आलो. ठाऊक होतं रे. माय म्हणाली होती, ‘देवीच्या लेकराले लोखंड नाही लावू देत मी.’ मी ऐकलं आणि बशीत चहा ओतला.

महिन्याभरात पंजाबच्या अंगावर फोड उठले. मायनं रीत पाळली. घरातली फोडणी बंद केली, पाहुण्यांना मनाई केली, आणि कोणाला न विचारता कळावं म्हणून समोरच्या दारावर कडूनिंबाची डहाळी लावली. मी सकाळी उठलो तर डहाळी चौकटीत लटकत होती. अध्यक्षाच्या दारावर! मी ती काढली आणि मागच्या दाराला बांधली. मायनं विचारलं, ‘काऊन रे? देवीले मांगच्या दारानं आनतं का कोनी?’ मी म्हणालो, गावात बोभाटा नको. समोरच्या दारावर निंब असता तर कोणी आत आलं नसतं, भाऊराव. ती रीत काही खुळी नव्हती. बनाबाई समोरून आली. तिला दारावर काही दिसलं नाही, आणि ती नेहमीसारखी पोराला तेल लावायला आत गेली. पंजाब वाचला. त्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलंय, सात वर्षांचा झालाय, मान वाकडी करून वाचतो. बनाबाई मात्र अठराव्या दिवशी गेली.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. गाव म्हणालं, यांनी देवी ओढ्यात सोडली म्हणून ती कोपली. तुमच्या वस्तीत एकालाही फोड आला नाही, ही तुझ्या कामाची पावती होती. गावानं तीच उलटवली आणि म्हणालं, पाहा, आपलं संकट त्यांनी आपल्यावर ढकललं. तुमच्या बायांना कापूस वेचायला बोलावणं बंद झालं. तुझ्या आईला, तानाबाईंना, गिरणीवरून दळण न घेता परत पाठवलं. मग ‘गावात शांतता राहावी म्हणून’ तुला चिटणीसपदावरून काढायचा ठराव झाला. त्या ठरावाखाली माझी सही आहे. सहीचं वळण चांगलं आलंय. मी ते मुद्दाम पाहिलं तेव्हा.

गाव सोडलंस त्या दिवशी अमडापूरच्या फाट्यावर तू पत्र्याची पेटी घेऊन मेहकरच्या गाडीची वाट पाहत होतास. मी सायकलवरून आलो होतो, का ते मलाच कळत नव्हतं. तू एकच विचारलंस, ‘पयला पेशंट कोनाच्या घरचा होता बे, इंद्रभान?’ आणि मी म्हणालो, ‘मले काय मालूम.’ गाडी आली. तू पेटी टपावर चढवलीस आणि खिडकीशी बसलास, पण माझ्याकडं पाहिलं नाहीस. तू तिकडं देवी डॉक्टर झालास हे मला त्याच गाडीच्या कंडक्टरनं दोन वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी मी दुप्पट तिकीट काढून उगाच चिखलीपर्यंत जाऊन आलो.

आता गेल्या बुधवारचं सांगतो. मंडळात रुख्मिणी नावाची तेरा वर्षांची पोरगी आहे, तिखट मिरची. ती यादी घेऊन आमच्या ओसरीवर आली. मला तीन महिन्यांची मुलगी आहे, हे तुला माहीत नसेल. पंजाब वाचला तेव्हा मायनं नवस बोलला होता की या घरातल्या कुठल्याच लेकराला सुई लावू देणार नाही. माझ्या हातात चहाची बशी होती. आणि माझ्या तोंडून, ऐक, तेच जुनं खोटं बाहेर पडलं: ‘लिही वो बाई, सगळ्यांच्या देवी काढल्या आहेत.’ तिनं पेन्सिल कानावर ठेवली. म्हणाली, ‘दंड पाह्यल्याबिगर नाही लिहत मी, काका.’ आणि यादीत आमच्या घरापुढची जागा कोरी ठेवून ती निघून गेली. दोन दिवस शेतात नुसता या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर फिरत होतो.

शुक्रवारी तुमच्या घरी गेलो. तानाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, निंबाचं, बशीचं, सहीचं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, ‘मले मालूम हाय. तुमच्या घराच्या मांगूनच त मी वावरात जाऊन राह्यली होती. पाह्यला मी निंब.’ मी विचारलं, मग गाव तुम्हाला बोलत होतं, दळण अडवत होतं, तेव्हा सांगितलं का नाही? तर म्हणाल्या, ‘लेकरू बिमार होतं बापू तुमच्या घरात. बिमार लेकराच्या घराकडं बोट नाही दाखवत.’ आणि मला बसायला पोतं सरकवलं. भाऊराव, मी तिथं रडलो. त्यांनी तुला हे कधी सांगितलं होतं का, ते मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

पोरं बाहेर चावडीसाठी भित्तिपत्रक करताहेत. ‘मागच्या वेळी देवी आपल्या गावात कशी आली’ हा मजकूर त्यांनी माझ्याकडून मागितला होता. तो मी तुझ्या पत्राआधी लिहून रुख्मिणीला दिला आहे. त्यात माझं नाव आहे, घर आहे, मागचं दार आहे, आणि भाऊरावांच्या वस्तीत एकही रोगी नव्हता, हे सगळ्यांत मोठ्या अक्षरात आहे. तिनं वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि खळ लावायला घेतली. संध्याकाळपर्यंत गाव वाचेल. तेव्हा हे पत्र माफीसाठी नाही. माफी मागायची ती मी तुझ्यासमोर मागेन. पुढच्या सोमवारी सरकारी पथक येतंय, हात कमी आहेत म्हणून मेहकरहूनही माणसं मागवली आहेत. त्यात तुझं नाव दे. मायनं अजून हो म्हटलेलं नाही, काल जेवलीही नाही. तू येशील तेव्हा ती माजघराच्या उंबऱ्यावर बसलेली असेल, तिला उठवायचं काम माझं. तू समोरच्या दारानं ये, ओसरीवर थांबू नकोस, सरळ आत ये आणि माझ्या मुलीला तुझ्या हातानं टोच. आमच्या घरापुढची जागा अजून कोरी आहे. ती तिचा दंड पाहून तूच भर. माझ्या शब्दावर लिहू नकोस.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
इंद्रभान