काटा खाचेत बसला नव्हता

अण्णा, परवा तुमच्या मुलानं माझी चूक चारचौघांत स्वतःच्या अंगावर घेतली आणि मी तोंड मिटून उभा राहिलो. गॅरेजच्या चाव्या माझ्या हातात देऊन तुम्ही गेलात, त्याला किती वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहायला बसलो तो असल्या गोष्टीसाठी.

श्रीपूरकडच्या एका बागायतदाराची फोर व्हील ड्राइव्हची पिकअप गाडी गेल्या आठवड्यात आली होती. पुढच्या चाकांना जोर येत नव्हता. तुमच्या वेळी त्यासाठी हातानं ओढायचा दांडा असायचा. आता बटण दाबलं की पुढच्या ॲक्सलवरची मुठीएवढी मोटर आतला काटा ढकलते, काटा एक कडं सरकवतो आणि पुढची चाकं जोडली जातात. ॲक्चुएटर म्हणतात तिला. ती जळाली होती. नवी मी स्वतः बसवली, कारण ही नव्या तऱ्हेची कामं मलाच जमतात अशी माझी समजूत. बसवताना काटा कड्याच्या खाचेत जायला हवा. नाही गेला तरी बोल्ट आवळले जातात, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून पुढची चाकं जॅकवर उचलायची, बटण दाबायचं आणि एक चाक हातानं फिरवायचं. पलीकडचं उलटं फिरलं की काम झालं. तुमचा मुलगा जॅक घेऊनच आला. "दादा, एकदा फिरवून बघू की," म्हणाला. मालकांचे फोनवर फोन येत होते, त्यांच्या उसाला तोड आली होती. मी म्हणालो, "मला शिकवतो व्हय रं?" त्यानं जॅक परत जागेवर नेऊन ठेवला.

परवा ती गाडी भरल्या उसासकट रानात रुतली. पाट फुटून ओल झालेली, मागची चाकं जागेवर फिरून खड्डा पाडतायत आणि पुढची ढिम्म हलत नाहीत. आम्ही दोघं गेलो. ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर काढली, कडेला घेऊन मी खाली शिरलो. मोटर सोडवली तर काटा खाचेच्या बाहेर. मालक वरून ओरडतायत, "कुणी बसिवली ही?" मी गाडीखालून बाहेर येतोय तोवर तुमचा मुलगा बोलून मोकळा झाला होता. "मी बसिवली, मालक. माज्याकडनं ऱ्हायलं." मालक म्हणाले, "तुजा बाप असा न्हवता. त्याचं नाव घालवलंस की." तोडणीची माणसं कोयते थांबवून बघत होती. तो मान खाली घालून उभा. आणि मी, तुमचा पट्टशिष्य, पाना पुसत होतो. फार लाज वाटते, अण्णा.

मंगळवेढ्याच्या त्या ज्वारीच्या ट्रकची आठवण येते. मी ऑइलचा बोल्ट ढिला ठेवला होता, सगळं ऑइल वाटेत सांडलं. मालक शिव्या देत आत आला तेव्हा आपण जेवत होतो. तुम्ही हातातली भाकरी ठेवून उठलात आणि म्हणालात, "माज्या हातनं ऱ्हायलं." तो गेल्यावर मला म्हणालात, "आदी जेव. मग त्यो बोल्ट कसा आवळत्यात ते मला दाव." त्या दिवशी तुमचा मुलगाही आपल्यासोबत जेवायला होता. जे मी पाहिलं तेच त्यानं पाहिलं.

आज सकाळी मालकांचा फोन आला. दुसरी गाडी पाठवतायत, पण तिला त्या पोराचा हात लावू देऊ नका म्हणाले. मी "बरं" म्हणालो. ती गाडी आत्ता दारात उभी आहे. तो हात पुसत आला आणि त्यानं विचारलं, "दादा, ही मी घिऊ का?" मी म्हणालो, थांब, जरा लिहितोय.

हे सगळं त्याला सांगायचं आहे, तुम्हाला नाही. तुम्हाला सांगणं सोपं, तुम्ही माझ्याकडे बघत नाही. हा कागद घडी करून खिशात ठेवतो आणि उठतो. पण एक राहिलं. शेवटचा बोल्ट आवळताना मोटर जराशी अडली होती. काटा खाचेत गेला नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.