आईचं माहेर: जांभळा स्क्रू

प्रिय दादा,

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. आज सकाळी ईमेलवाल्यांनी विचारलं, आईचं माहेरचं आडनाव काय? मी सवयीने खरं ते लिहिलं. ‘उत्तर चुकीचं आहे.’ सत्तेचाळीस वर्षं त्या बाईची लेक म्हणून काढून हे एका यंत्राकडून ऐकायचं! पण यंत्राचं बरोबर होतं. गेल्या आठवड्यात त्या सुरक्षा-प्रश्नांची उत्तरं मीच बदलली, आणि लक्षात राहिलं नाही. आता आईचं माहेर ‘जांभळा-स्क्रू-तराजू’, माझी पहिली शाळा ‘ओला-गालिचा-बेडूक’. बँकेत तर आणखी तिसरंच. सगळी थापेबाजी पासवर्ड सांभाळणाऱ्या अ‍ॅपमध्ये कुलूपबंद आहे, आणि वर माझ्या फोनवर कोड आल्याशिवाय कुणालाच आत प्रवेश नाही.

खरं उत्तर द्यायचं म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली तिथेच खिळ्याला टांगायची. शाळेचं नाव वहिनीने वर्गाच्या फोटोखाली साऱ्या जगाला सांगितलंय. आपल्या कुत्र्याचं नाव तू गल्लीभर ओरडायचास, ते दूधवाल्यालाही पाठ होतं. आणि आजोळ? ते तर तुझंही तेच.

म्हणून तर तू माझ्या ईमेलमध्ये शिरलास. चोराला शोधावं लागलं असतं ते तुला जन्मतःच मिळालेलं. परगावच्या लेन्सच्या कारखान्याने मला कारागिरांची प्रमुख म्हणून बोलावलं, आणि तू माझ्या नावाने कळवलंस, ‘घरगुती अडचणीमुळे येणे शक्य नाही, क्षमस्व.’ तिथल्या मॅनेजरबाईंचा फोन आला, अहो असं कसं नाही म्हणालात, तेव्हा मला कळलं. अरे, ‘क्षमस्व’ हा शब्द मी आयुष्यात कधी वापरलाय का? घरगुती अडचण म्हणजे आई, आणि आई म्हणजे माझं काम, हे तू परस्पर ठरवून टाकलंस. चष्म्याच्या दुकानातून दुपारी धावत येऊन तिच्या डोळ्यांत थेंब मी घालत होते, तेव्हा तू फोनवरून ‘काळजी घे गं’ म्हणत होतास. फार मदत झाली हो.

तर कळवायचं ते हे: मी कारखान्याला होकार दिलाय. सोमवारी निघते. आई रविवारी तुझ्याकडे येतेय. बॅग तिने स्वतः भरलीय. थेंब दिवसातून तीनदा, ती नको म्हणाली तरी. तो नकार कसा गेला, असं तिने विचारलं होतं. कारखान्याच्या ऑफिसातला गोंधळ, असं मी सांगितलंय. वहिनीलाही तेच. बाबा मला वसतिगृहात पाठवायला तयार नव्हते, तेव्हा त्यांच्यासमोर उभा राहून ‘ती जाणारच’ म्हणणारा तूच होतास. ते ऋण आता फिटलं.

तुझीच,
ठेंगू