वाळुंजाचं बेट

४ मे
पडेगावच्या खालच्या अंगाला नदीवर जाऊन आलो. पावसाळ्याआधी पात्र मोकळं करायचंय म्हणे. करंज गेले, उंबर गेला, शेरणीची झुडपं तर कुणाच्या खिजगणतीतच नाहीत. काठाला वाळुंजाचं एक बेट उरलंय. चार झाडं नर, एक मादी; वाळुंजात नर-मादी झाडं वेगळी असतात. आख्ख्या काठावर दुसरी मादी नाही, पायपीट करून पाहिलंय. ती गेली की बी संपलं.
सौ. म्हणते, "अहो, रिटायर झालात, आता तरी घरी बसा." बसून काय करू, डोंबल?

५ मे
नदीवरचा जेसीबी मशीनवाला नामदेव. भला माणूस, उलट मलाच चहा पाजला. त्याला बजावलं, बाकी काय करायचं ते कर बाबा, बेट तेवढं सोड. "व्हय सर, काळजीच करू नका." हायसं वाटलं.

६ मे
छातीत परत तेच. डॉक्टर म्हणतात, या हृदयाला ऑपरेशन झेपायचं नाही. सौ.नं घराबाहेर सोडलं नाही.

७ मे
वाळुंज नाहीत. एकही नाही.
पात्राच्या मधोमध गाळाचा बोडका उंचवटा मात्र जसाच्या तसा. नामदेव हसत आला. "सर, तुम्हीच म्हणले ना, बेट सोड. सोडलं बघा. बकेट बी लागू दिलं नाय."
बेट! मी म्हणतोय झाडांचं, तो समजला पाण्यातलं. जन्मभर पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि बोट करून दाखवायचं सुचलं नाही. तिथंच बसलो. रडू आलं, रडलो. तो बिचारा बावचळला. "लई चुकलं का सर माझं?" नाही रे, म्हटलं.

८ मे
वाळुंज फांदीनं लागतं. ढीग अजून पडून आहे, पण नराची फांदी कुठली, मादीची कुठली? फुलोरा नाही, पाला सारखाच, मशीननं सगळं एकात एक केलंय. नामदेवनं जेवणाच्या सुटीत फांद्या तोडून दिल्या. असल्या उन्हात काय जगणार, कप्पाळ!

२९ मे
अंगणभर बादल्या, डबे. बहुतेक फांद्या वाळल्या. थोड्यांना डोळे फुटलेत. पाणी सौ.च घालते, मला वाकू देत नाही. आज विचारलंन, "यात मादी असेल का हो?"
फुलल्यावर कळेल, म्हटलं. तीन-चार वर्षं तरी...
तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी शेवटच्या डब्यात ओतलं. मग म्हणाली, "मादीचं फूल कसं असतं, ते मला आत्ताच सांगून ठेवा."