ब्रेक शाबूत होते

मंगळवार, दिनांक १७

चि. जावईबापूंना,

सासऱ्याचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, आणि गुडघ्यांपेक्षा जास्त त्या स्वतः. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही म्हणता, 'बाबा, साइटवर आहे, नंतर बोलू,' आणि मागे मला तुमच्या दिवाणखान्यातला पंखा ऐकू येतो. त्याचं बेअरिंग गेलंय, तेवढं बदलून घ्या. म्हणून हे पत्र गॅरेजमधल्या मिस्त्रीच्या हाती पाठवतो आहे.

इथं माहेरी आलेल्या चिमीच्या हाताचं प्लॅस्टर अजून उतरलेलं नाही. हात डावा असल्यामुळे आईला हुकूम सोडायला काही अडचण येत नाही. बाथरूममध्ये घसरले असं ती म्हणाली, आम्ही ऐकून घेतलं.

गॅरेज जोरात चाललंय. पंक्चरच्या टपरीपासून सुरुवात केली तेव्हा एवढी गर्दी स्वप्नातही नव्हती. गिऱ्हाइकं चिडवतात, 'काय शेठ, जावई रस्ता करतो, सासरा गाड्या उघडतो. घरचीच कंपनी!' पूर्वी मीही हसायचो. हल्ली पाना शोधायला आत जातो.

आता कामाचं. शाळेच्या वळणावर पडलेल्या पाववाल्याची स्कूटर फौजदारांनी माझ्याकडे आणून टाकली आहे. माणूस शुद्धीवर आहे, पण पाय राहील की जाईल, डॉक्टर सांगत नाहीत. फौजदार म्हणाले, "शेठ, ब्रेक कसे होते एवढंच लिहून द्या. ब्रेक खराब असतील तर चूक त्याची, मामला मिटला."

त्याच संध्याकाळी तुमच्या सासूबाईंनी चहा देता देता तुमचा निरोप दिला. "जावई म्हणत होते, स्कूटर जुनीच आहे, ब्रेक गेलेलेच असणार. बाबांना म्हणावं, तसं लिहा." एवढं बोलून ती कपाकडेच बघत राहिली. तिलाही कळत होतं.

खोटं कशाला बोलू, ब्रेक खराब निघावेत असं मलाच वाटत होतं. लेकीचा संसार आहे. मिस्त्रीला घरी पाठवलं आणि स्कूटर स्वतः उघडली. लायनर नवे, केबलला ताजं तेल. पाववाल्यानं गाडी लेकरासारखी जपली होती. ब्रेक शाबूत होते.

मग वळणावर जाऊन आलो. लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा गॅरेजवर आलात, तेव्हा फरशीवर खडूनं काढून मला शिकवलं होतंत: खड्डा आधी चौकोनी कापायचा, आतलं पाणी-माती उपसायची, मग डांबर, मग रोलर. तुम्ही गेल्यावर मी मिस्त्रीला म्हणालो होतो, 'पोरगा कामातला आहे रे.' त्या वळणावर चौकोन कुठंच दिसला नाही. पाण्यातच खडी ओतलेली, वरून डांबराचा नुसता हात फिरवलेला. कड बोटानं सुटून आली. तुमचा मुकादम तिथंच होता. मला पाहून ओशाळला. म्हणाला, "साहेब म्हणाले, पाहणी होईपर्यंत दिसायला बरं करा. शेठ, माझं नाव घेऊ नका." नाव घेत नाही. मुकादम तुमच्याकडे एकच आहे, हे मात्र त्याचं दुर्दैव.

एवढ्यावर थांबलो असतो तर पत्र सोपं झालं असतं.

ड्रायव्हरनं चिमीला इथं आणून सोडलं, त्या दिवशी मी जेवत होतो. गाडी गल्लीत वळली आणि माझा घास हातातच राहिला. पुढचं डावं चाक रडत होतं. जाऊन खाली वाकून पाहिलं, तर नुकतीच दुरुस्ती झालेली, चाक धरणारा आर्म कोरा करकरीत. सासऱ्याचं गॅरेज सोडून गाडी दुसरीकडे कोण नेतं? ज्याला सासऱ्याला कळू द्यायचं नसतं तो. तरी मी तिला काही विचारलं नाही. नवरा-बायकोच्या मध्ये कान घालू नयेत, माझ्यासारख्यानं तर नाहीच.

काल ती गॅरेजवर आली. स्कूटरची चेपलेली रिम तिनं चांगल्या हातानं चाचपली आणि स्टूल ओढून बसली. "बाबा, आम्हीपण तिथंच आदळलो होतो. ह्याच्या आधी. मी म्हटलं, आजच्या आज नीट भरून घ्या, कुणीतरी मरेल. तर म्हणाले, पाहणी तोंडावर आहे, वरवर करून घेतो. आणि घरी बाथरूमचं सांग."

जावईबापू, खड्डा राहून जातो. मजूर चुकतात, डांबर थंड पडतं, हे मला कुणी शिकवायला नको; माझ्याही गॅरेजमधून सैल नट घेऊन गाड्या गेल्या आहेत. पण हा खड्डा तुम्हाला माहीत होता. स्वतःच्या बायकोच्या मनगटाइतका जवळून माहीत होता. आणि आता तो तुम्ही पाववाल्याच्या ब्रेकवर ढकलताय, तेही माझ्या हातानं.

फौजदार परवा, गुरुवारी, दहाला येतात. माझा कागद तयार आहे, त्यात ब्रेकपुरतंच खरं लिहिलंय. बाकीचं चिमीला सांगायचंय. मी म्हटलं, "अगं, आधी त्याला बोलू दे." ती म्हणाली, "दहापर्यंत थांबेन. त्यापुढे नाही." तिचा आवाज ऐकून मी हे पत्र लिहायला बसलो. हा आवाज तुम्ही अजून ऐकलेला नाही.

म्हणून नऊला या. काम हातचं जाईल, कदाचित परवानाही. पुन्हा उभं राहायला माझी जागा आहे, माझी माणसं आहेत, आणि मी आहे. तुम्ही बोलायला लागलात की तुमच्या शेजारी बसेन, कुणी काहीही म्हणो. नाही आलात, तर ती बोलेल. मग मी तिच्या शेजारी बसेन.

तिचा बाप आणि तुमचा सासरा,
तूर्त याच क्रमानं.